एक गाठ राहिली

१

शेवटचा साधा दिवस रविवार होता. बाबा जेवणाच्या टेबलावर कप मांडून बसले होते. डावीकडे घरातले सगळे कप, उजवीकडे सगळे पेले आणि मधली जागा मोकळी.

"हे कप म्हणजे येणारे," ते म्हणाले. "कॅमेरे, माइक, बाहेरून येणाऱ्या लाइनी. हे पेले म्हणजे जाणारे. पडदे, स्पीकर, रेकॉर्डर. आणि मध्ये आपला राउटर."

"वायफायचा?" मी मुद्दाम विचारलं.

"डोंबल वायफायचा! आमचा राउटर माझ्याहून उंच आहे, आणि तुझ्याहून जास्त ऐकतो."

बाबा टीव्ही केंद्रात इंजिनीयर होते. हा नवा राउटर बसवण्यात त्यांचे कित्येक महिने गेले होते. सोमवारी जुन्यावरून नव्यावर जायचं होतं, आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी मुलांना होतं तसं त्यांना झालं होतं. कोणाला तरी सगळं सांगून टाकायचं होतं. मुद्रितं तपासण्याचं माझं काम सुट्टीच्या दिवशी बंद असल्यामुळे मी सापडले.

"कुठलाही कप कुठल्याही पेल्यात ओत. एक कप हव्या तितक्या पेल्यांत जातो, संपत नाही. पण एका पेल्यात एका वेळी एकच कप."

"आणि पेला रिकामा ठेवला तर?"

"ठेवायचाच नाही. म्हणून पहिला कप माझा." त्यांनी टवका उडालेला पांढरा कप पुढे ओढला. "ह्यात काळा पडदा आणि शांतता. नाव 'शांत'. ज्या पेल्याला काम नाही त्याच्यावर 'शांत' लावून ठेवायचं. नाहीतर भलत्या वेळी तो भलतंच बोलायला लागतो."

मग त्यांनी एका कपाखाली बशी सरकवली. "चित्र म्हणजे कप, आवाज म्हणजे बशी. एरवी जोडीनं जातात. वाटलं तर कप इकडे आणि बशी तिकडे पाठवता येते. बटणांच्या पॅनेलवर नाव मात्र कपाचंच दिसतं. बशी कुठे गेली ते विचारल्याशिवाय कळत नाही."

"आणि कोणी मध्येच येऊन बदललं तर?"

"कुलूप लावायचं. ज्या पॅनेलनं लावलं त्याच पॅनेलनं उघडतं. दुसऱ्यानं कितीही बटणं दाबली तरी नाही."

"प्रदर्शन संपलं असेल तर चहाला एक कप मिळेल का?" आईनं स्वयंपाकघरातून विचारलं.

बाबांनी टवका उडालेला कप तिच्या हातात दिला. "मिळालं?"

"मिळालं," आई म्हणाली.

हा त्यांच्या कामातला शब्द होता. मागच्या खोलीत रॅकच्या पाठीमागे उभा असलेला माणूस केबल जोडतो आणि माइकवर म्हणतो, "लावलं." पुढे कंट्रोल रूममधला माणूस पाहतो, ऐकतो आणि उत्तर देतो, "मिळालं." ते उत्तर आल्यावरच मागचा माणूस मेणाच्या दोऱ्यानं केबलला गाठ मारतो. उत्तराशिवाय गाठ नाही, गाठीशिवाय पुढची केबल नाही. घरीही किल्ली देताना, निरोप सांगताना, रागावताना बाबांचा शेवट हाच: "मिळालं?" आई उत्तर द्यायची. मी मान हलवायचे. घरात ऑफिसची भाषा कशाला, असं मला वाटे.

"अगं, गाडीची किल्ली कुठे ठेवली मी?" बाबांनी विचारलं.

"फ्रिजवर."

चहा संपायच्या आत त्यांनी तेच पुन्हा विचारलं. "फ्रिजवर," आई म्हणाली. अगदी पहिल्यांदा सांगावं तशा आवाजात. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

सोमवारी दुपारी मी मुद्रितांत डोकं घालून बसले असताना काकांचा फोन आला. काका म्हणजे बाबांचे कामावरचे जोडीदार. माझ्या जन्माआधीपासून दोघांनी मिळून केबली बांधल्या होत्या.

"बाळा," ते म्हणाले, "तू आधी खाली बस."

२

बाबा रॅकच्या मागे जमिनीवर पाठ टेकून बसलेले सापडले. चष्मा घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलेला होता. हृदय बंद पडलं होतं. डॉक्टर बाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. "क्षणात नाही गेले," त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या. "दुखायला लागल्याचं कळलं असेल. थोडा अवधी होता."

हाताच्या अंतरावर माइक होता. त्याचा लाल दिवा लागलेला होता. भिंतीपलीकडे, एका बोळाच्या अंतरावर, कंट्रोल रूममध्ये माणसं बसली होती. कोणी काही ऐकलं नाही.

मोठे साहेब घरी आले. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाले, "स्वभावच तसा होता, वहिनी. स्वतःचा त्रास सांगणार नाहीत. एक हाक मारली असती तर आम्ही धावलोच असतो."

अहवालातही तेच आलं: माइक चालू असूनही त्यांनी मदत मागितली नाही.

आई रडली नाही. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, मध्येच थांबून एकच गोष्ट बोलायची. "मोजा सापडला नाही तरी मला हाक मारणारा माणूस. त्याला एक हाक मारता आली नाही?"

पण मुद्रितं तपासणाऱ्याला एक सवय लागते. जे छापलं आहे त्यापेक्षा जे गळलं आहे ते आधी दिसतं. खिशात चष्मा ठेवण्याइतकी शुद्ध होती, शेजारी चालू माइक होता, आणि तोंडून एक शब्द नाही? मधली ओळ गळली होती.

बाबांच्या वस्तू आणायच्या निमित्तानं मी केंद्रावर गेले.

३

बाबा गेले त्या सोमवारी कंट्रोल रूममध्ये तिघं होते. शिफ्टचा प्रमुख, ज्याला सगळे कॅप्टन म्हणत. आवाज सांभाळणारी मुलगी. आणि कोपऱ्यातल्या चाचणीच्या टेबलावर काका.

मी गेले तेव्हा कॅप्टन पडद्यांच्या भिंतीसमोर खुर्ची डावी-उजवी हलवत बसला होता.

"खरं सांगू का ताई? सकाळपासून डोकं खाल्लं होतं त्यांनी. लावलं, मिळालं. लावलं, मिळालं. लग्नात भटजींनी माइक सोडू नये तसं! आणि एकदा तर तेच नंबर परत परत सांगत होते. आम्ही हसलोही थोडं." त्यानं खुर्ची हलवणं थांबवलं. "म्हणजे, वाईट अर्थानं नाही."

"मग?"

"मग आवाज यायचा बंद झाला. मला वाटलं, डबा खायला गेले. त्यांचाच नियम ना, मागे माणूस असेपर्यंत त्याचा आवाज ह्या मोठ्या स्पीकरवर सगळ्यांना ऐकू आला पाहिजे. आवाज नाही म्हणजे माणूस नाही."

"स्पीकर चालू होता?"

"पॅनेलवर 'मागची खोली' असंच नाव होतं. छोट्या पडद्यावर खोलीचं चित्रही होतं. कॅमेरा दारावर आहे, त्यात रॅकच्या मागचं दिसत नाही. स्पीकर गप्पच आहे तर त्यावर स्टुडिओ लावू म्हटलं, तर त्याला कुलूप! दोनदा बटण दाबलं आणि म्हटलं, मरू दे." त्यानं जीभ चावली. "माफ करा."

आवाजाची मुलगी हेडफोन गळ्यात अडकवून दाराशी उभी होती. तिचे डोळे सुजलेले होते.

"मला 'कान' म्हणायचे ते," ती म्हणाली. "ए कान, इकडे ये, हे ऐक. मी चिडायचे. आता कोणी म्हणत नाही."

"त्या दिवशी तुम्ही काय ऐकलंत?"

"काहीच नाही. इतकं शांत, की मला कॅप्टनच्या खुर्चीची करकर ऐकू येत होती."

"चित्र एकीकडे आणि आवाज दुसरीकडे, असं वेगळं करायचं काम कोणाचं?"

"माझं," ती म्हणाली आणि एकदम ताठ झाली. "का विचारताय?"

मी का विचारलं ते मलाही अजून नीट ठाऊक नव्हतं.

काका जिन्यात भेटले. त्यांनी माझ्या हातातलं खोकं काढून घेतलं. त्यात बाबांचा डबा, स्वेटर आणि मेणाच्या दोऱ्याचं रीळ होतं. आठवड्यात ते म्हातारे झाले होते.

"शेवटपर्यंत उत्तर देत होतो गं मी," ते म्हणाले. "तो म्हणाला, लावलं. मी म्हटलं, मिळालं. आणि मग काही नाही. नुसती पंख्यांची घरघर."

"त्यांनी हाक मारली नाही?"

काकांनी खोकं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. "मोठ्या साहेबांनी सांगितलं ना तुला," ते म्हणाले, आणि जिना उतरायला लागले.

४

"मागची खोली दाखवाल?" मी आवाजाच्या मुलीला विचारलं.

तिनं दार ढकललं, आणि आधी थंडी अंगावर आली, मग आवाज. शेकडो छोटे पंखे, एका सुरात. समोर राउटर उभा होता, कपाटासारखा, अंगभर हिरवे ठिपके. मी काहीतरी विचारलं आणि माझंच मला ऐकू आलं नाही.

आम्ही रॅकच्या मागे गेलो. तिथे बाबांचं अक्षर नव्हतं, फोटो नव्हता, पण तेच होते. केबली विंचरून वेणी घालावी तशा खाली उतरल्या होत्या, आणि जोडणीपासून चार बोटांवर प्रत्येकीला मेणाच्या दोऱ्याची सपाट गाठ होती. सगळ्या एका ओळीत. मी त्या ओळीवरून बोट फिरवत गेले. गाठ, गाठ, गाठ. आणि मग बोट अडलं नाही. एक केबल जोडलेली होती, पण मोकळी. तिच्याभोवती दोरा घेतलेला होता आणि टोकं तशीच लोंबत होती.

पुढची भोकं रिकामी होती.

"ही?" मी ओरडून विचारलं.

"तेव्हापासून तशीच आहे!" ती ओरडली. "काका हात लावू देत नाहीत!"

मी तिथेच उभी राहिले. बाबांनी "लावलं" म्हटलं, दोरा हातात घेतला आणि थांबले. दोरा ओढायला त्यांना एक श्वास पुरला असता. ते उत्तराची वाट पाहत होते.

आणि मग, त्या घरघरीत, दुसरी गोष्ट माझ्या लक्षात आली.

मी मुलीला दंडाला धरून बाहेर आणलं. "एक काम करा. त्या खोलीतला माइक तुमच्या मोठ्या स्पीकरवर लावा. आत्ता."

कंट्रोल रूममध्ये जाऊन तिनं पॅनेलवर दोन बटणं दाबली. स्पीकरमधून पंख्यांची घरघर धबधब्यासारखी कोसळली. कॅप्टननं दचकून कानांवर हात नेले.

मुलीचा हात पॅनेलवरच राहिला. चेहरा उतरला होता.

"त्या दिवशी हे नव्हतं," ती म्हणाली. "सकाळी होतं. नंतर नव्हतं."

"माइक चालू होता. लाल दिवा सगळ्यांनी पाहिला," मी म्हटलं. "म्हणजे बाबा बोलले असोत की नसोत, ही घरघर यायलाच हवी होती. आली नाही, कारण स्पीकरवर बाबांची खोली नव्हतीच."

"नाव तर तेच होतं," कॅप्टन म्हणाला. "चित्रही."

"कप होता. बशी काढली होती. आणि पेला रिकामा राहत नाही." मला माझ्या तोंडून बाबांचे शब्द ऐकू येत होते. "आवाजाच्या जागी 'शांत' लावलं होतं."

"मी नाही लावलं," मुलगी म्हणाली. "आईशप्पथ, मी नाही."

"ठाऊक आहे," मी म्हटलं. "तुम्ही लावलं असतं तर स्पीकर गप्प होता असं इतक्या सहज सांगितलं नसतं. कॅप्टनसाहेबांनी लावलं असतं तर त्यांचंच कुलूप त्यांना उघडलं असतं."

तिघांपैकी दोघांनी शांतता ऐकली होती. घरघर ऐकणारा एकच माणूस होता.

५

काका खोकं खाली ठेवून परत आले आणि कोपऱ्यातल्या चाचणीच्या टेबलापाशी बसले. पुढ्यात त्यांचं पॅनेल, त्याला जोडलेले हेडफोन. मी शेजारची खुर्ची ओढली. बाबा ह्याच खुर्चीत बसून डबा खात असत.

"तुम्ही घरघर कशावर ऐकलीत, काका?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला पुढे काही सिद्ध करायची गरज उरली नाही. तरी मी सगळं सांगितलं. शांत स्पीकर, कुलूप, मोकळी केबल. सांगताना माझा आवाज हलला नाही. तो कोणा दुसऱ्या बाईचा असावा तसा वाटत होता.

"हेडफोनवर," ते म्हणाले. "खोटं नाही बोललो गं त्यात."

"का काढलात त्यांचा आवाज?"

"हसत होते." ते टेबलाकडे पाहत बोलत होते. "तो नंबर चुकत होता. लावलेलीच केबल परत सांगत होता. हल्ली व्हायचं तसं. मी बघून घ्यायचो, कोणाला कळू द्यायचो नाही. पण त्या दिवशी सगळं मोठ्या स्पीकरवर, आणि हे दोघं हसायला लागले. वर साहेबांचा निरोप आला, पाहुणे घेऊन येतोय, नवा राउटर दाखवायला. म्हटलं, त्यांच्यासमोर ह्यानं असं बोलायला नको. ज्या माणसाकडून अख्खा जन्म शिकलो, त्याचा तमाशा मला बघवला नसता. म्हणून स्पीकरवर 'शांत' लावलं, कुलूप घातलं, आणि हेडफोन माझ्या कानाला लावले. म्हटलं, मी ऐकतोय ना. बस झालं."

"मग?"

"साहेब आले. दारातून मला हाक मारली, या, पाहुण्यांना जरा समजावून सांगा." त्यांनी हसल्यासारखं केलं. "ती हाक बरोबर ऐकली मी. हेडफोन काढून इथे ठेवले."

त्यांनी टेबलावरची जागा दाखवली. तिथे काहीच नव्हतं.

"पाहुण्यांशी बोलताना मला ह्यातून आवाज येत होता. बारीक. डबीत किडा असावा तसा. त्यानं 'लावलं' म्हटलं. मग 'मिळालं का?' मग परत, 'मिळालं का?' मी मनात म्हटलं, थांब रे बाबा, दोन मिनिटं धीर धर."

पडद्यांच्या भिंतीवर कुठल्यातरी स्टुडिओत एक बाई हसून बातम्या वाचत होती. तिचा आवाज आमच्यापर्यंत येत नव्हता.

"हाक मारली का त्यांनी?" मी विचारलं. एवढ्यासाठीच मी आले होते.

काकांनी तोंडावर हात फिरवला.

"'अगं' म्हणाला. 'अगं, ऐकतेस का.' एकदाच." त्यांचा आवाज फाटला. "मला कशाला अगं म्हणेल तो? मला वाटलं, पुन्हा गोंधळला. घरी आहोत असं वाटलं ह्याला. म्हटलं, बरं झालं स्पीकर बंद केला, नाहीतर हे ऐकून लोकांनी..."

त्यांनी हेडफोनची वायर बोटाभोवती गुंडाळली, परत सोडली.

"परत येऊन हेडफोन घातले तेव्हा नुसती घरघर. धावलो. बघितलं. ओरडत इथे आलो, सगळे तिकडे धावले, आणि कोणी परत यायच्या आत, हात आपोआप गेला गं, कुलूप काढून आवाज परत लावून टाकला. का ते विचारू नकोस. हाताला सवय असते, काम झालं की सगळं जागच्या जागी ठेवायची."

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. पण डोळ्यांसमोर आई येत होती, फ्रिजवर म्हणणारी, दुसऱ्यांदाही पहिल्यासारखंच. आम्ही सगळेच बाबांभोवती आवाज बंद करत होतो. काकांचं बटण तेवढं खरं होतं.

"साहेबांना तुम्ही सांगाल की मी सांगू?"

"मीच सांगतो," काका म्हणाले आणि उठले. दारापर्यंत जाऊन वळले. "ती केबल... मी नाही बांधू शकत ती. आणि दुसऱ्या कोणी बांधलेली मला चालायची नाही."

६

आई सिंकपाशी होती. मी शेजारी उभी राहून सांगितलं. बाकीचं सगळं नंतर सांगता आलं असतं, म्हणून आधी तेवढंच सांगितलं.

"त्यांनी हाक मारली होती, आई. तुला."

तिनं नळ बंद केला. "काय म्हणाले?"

"अगं, ऐकतेस का."

आई ओल्या हातांनी तशीच उभी राहिली. मग मान किंचित वळवून, जेवणाच्या टेबलाच्या दिशेनं, कामात असताना ती नेहमी ओ द्यायची तसं म्हणाली, "हं?"

थोडा वेळ थांबली. मग नळ पुन्हा सोडला, आणि त्या दिवसानंतर पहिल्यांदा, भांड्यांच्या आवाजाआड, रडली.

अहवालातलं ते वाक्य काढलं गेलं. त्या जागी काय आलं ते मी वाचलं नाही. काकांना कामावरून दूर केलं, असं आवाजाच्या मुलीनं कळवलं, आणि राउटरचं उरलेलं काम पुढच्या आठवड्यात दुसरे लोक पुरं करणार आहेत, असंही. त्याच्या आदल्या दिवशी मी तिच्याकडे एक मागणं केलं. तिनं "का" विचारलं नाही.

पुन्हा ती थंडी, पुन्हा ती घरघर. रॅकच्या मागे मी एकटीच गेले. केबल तशीच मोकळी होती. दोऱ्यावर बाबांच्या बोटांनी पडलेली घडी अजून होती. त्या घडीवरूनच मी दोरा फिरवला. मी शाळेत असताना आई माहेरी गेली की माझ्या वेणीची रिबीन बाबा बांधायचे, आणि त्यांना एवढी एकच गाठ यायची. दिवसभर धावलं, भांडलं, तरी सुटत नसे. खाली एक फेरा, वर एक फेरा, टोक आतून, आणि मग सपाट होईपर्यंत ओढायचं.

ओढायच्या आधी मी थांबले. उत्तराशिवाय गाठ नाही.

हाताच्या अंतरावर माइक होता. दिवा लाल होता. पलीकडे कोण ऐकत असेल, नसेल, ते मी पाहिलं नाही.

"मिळालं," मी म्हटलं. पंख्यांच्या आवाजात माझं मलाच ऐकू आलं नाही. म्हणून पुन्हा म्हटलं, मोठ्यानं.

"मिळालं, बाबा."

आणि दोरा ओढला.